तपासणारा : म. ओव्हाळ

शुक्रवारी सकाळी नऊला स्वप्नाच्या लॅपटॉपवर मेल आला आणि सव्वानऊला महेंद्र ओव्हाळांनी कपाटावरची निरीक्षण वही खाली काढली. निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत ती पहिल्यांदाच खाली येत होती. रचनाबाईंनी कणीक मळता मळता ते पाहिलं आणि पुढचा आठवडा कसा जाणार याचा अंदाज घेतला.

"आता काय मोजायचंय?"

"इंटरनेट," ओव्हाळ म्हणाले आणि वहीवरची धूळ पुसू लागले.

मेल हैदराबादच्या कंपनीचा होता. कॉलेजात तास चालू असताना शिक्षकाचं बोलणं ऐकायचं आणि त्याच क्षणी ते पडद्यावर अक्षरांत उतरवायचं, म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही त्या मुलांनाही तास कळतो, असं ते काम. स्वप्ना त्यांच्या तिन्ही परीक्षा पास झाली होती. आता पास व्हायचं होतं ते घराला. पुढच्या शनिवारी अकरा ते बारा कंपनी तिच्या घरच्या लाईनवर एक तास थेट चालवून बघणार होती. चित्र एकदाही अडकता कामा नये. मोबाईलचं नेट चालणार नाही. लाईन टिकली तर घरून काम, नाही टिकली तर एक तारखेला हैदराबादला हजर.

"हैदराबाद चांगलं शहर आहे," ओव्हाळ म्हणाले. मग ते बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसले.

स्वप्ना म्हणाली, "पप्पा, मला जायचं नाहीये. पण आपल्या लाईनवर काल सिनेमातला हिरो दार उघडून आत यायला चार मिनिटं लागली."

"साडेचार," ओव्हाळ म्हणाले.

कोपरीतल्या मैत्री सोसायटीत सोळा घरं होती आणि सोळाही घरांत मोरू तांडेलची लाईन. मोरू चेंदणी कोळीवाड्यातला. आधी टीव्हीची केबल, मग इंटरनेट. महिन्याला चारशे नव्व्याण्णव रुपये, आणि ते घ्यायला तो स्वतः चार मजले चढून यायचा. तक्रार केली की "बघतो काका" म्हणायचा, आणि बघायचाही. पण पडद्यावरचं चक्र फिरायचं ते फिरायचंच.

ओव्हाळांनी वागळे इस्टेटमधल्या एका बोल्टच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक खोक्यावर त्यांची चिठ्ठी असे: तारीख, वेळ, शेरा आणि 'तपासणारा : म. ओव्हाळ'. माल पास असो की नापास, सहीशिवाय पुढे जात नसे. अशा माणसानं शेजाऱ्याला विचारून इंटरनेट घेणं शक्य नव्हतं. त्यांनी तीन कंपन्यांना फोन केले. तिघी सात दिवस फुकट वापरून बघायला देत होत्या. त्यांची नावं होती गगनफायबर, वायुवेग आणि झपनेट.

गगनफायबरचा माणूस दुपारीच आला. गळ्यात टाय, हातात टॅब.

"काका, पाचशे नव्व्याण्णवमध्ये अप टू फिफ्टी एमबीपीएस, वरून बारा ॲप फ्री."

"अप टू म्हणजे?"

"म्हणजे पन्नासपर्यंत."

"पन्नासपर्यंत म्हणजे दोनसुद्धा?"

"टेक्निकली… पण तसं होत नाही, काका."

"बोल्टच्या ड्रॉइंगवर 'पंचवीस मिलिमीटरपर्यंत' असं लिहिलं, तर तो बोल्ट तुम्ही घ्याल का?"

माणसानं टॅबवर बोट फिरवून पान बदललं. "काका, तुम्ही सात दिवस वापरून बघा ना."

"तेच करणार आहे," ओव्हाळ म्हणाले.

शनिवारी संध्याकाळपर्यंत टीव्हीच्या फळीवर तीन नवे राउटर ओळीने बसले. एक पांढरा, एक काळा, एक निळा. बसवायला आलेल्या तिन्ही कंपन्यांच्या माणसांची पद्धत एकच होती. गच्चीवर जायचं, कुणालातरी फोन करून "दादा, कोपरी, मैत्री, चारशे दोन, चालू करा" म्हणायचं, खाली येऊन डबा लावायचा. दहा मिनिटांत काम पूर्ण. ओव्हाळांनी वहीत 'जोडणीचा वेळ : १० मि.' असं तिन्ही ठिकाणी लिहिलं, आणि तिघेही आपल्या वरिष्ठांना दादा म्हणतात हे 'कर्मचाऱ्यांची वागणूक' या रकान्यात नोंदवलं. मोरूला फोन करून लाईन बंद करायला सांगितली. मोरू "बरं काका" म्हणाला.

तपासणी सुरू झाली. सकाळी सहा ते रात्री नऊ, दर तासाला तिन्ही लाईनींचं रीडिंग. त्या पाच मिनिटांत घरात कुणी नेटला हात लावायचा नाही. त्यानंतर चलचित्राची परीक्षा. त्यासाठी ओव्हाळांनी सुक्या बोंबलाच्या चटणीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ निवडला होता, कारण त्यात खलबत्ता जोरात हलतो आणि चित्र अडकलं तर लगेच कळतं. तो व्हिडिओ प्रत्येक लाईनवर एकदा, म्हणजे तासाला तीनदा, म्हणजे दिवसाला अठ्ठेचाळीस वेळा चालू लागला.

सोमवारी रचनाबाई स्वयंपाकघरातून न बघता सांगू लागल्या, "आता ती लसूण घालेल. आता म्हणेल, चवीप्रमाणे मीठ."

"चवीप्रमाणे मीठ," टीव्ही म्हणाला.

"अहो, माझी मालिका कधी लावू?"

"तास सोडून कधीही."

"मालिका तासालाच लागते."

त्याआधी रविवारी सकाळी ओव्हाळ विहारात वंदनेला गेले, तेव्हा रचनाबाईंचा गुडघा दुखत होता म्हणून त्या घरी होत्या. दहाचं रीडिंग त्यांच्यावर सोपवलं होतं. परत येऊन पाहिलं, तर तिन्ही रकान्यांत 'बरं आहे' असं लिहिलेलं. ओव्हाळांनी त्याला तांबड्या पेन्सिलीनं गोल केला आणि तो तास सरासरीतून वगळला.

सोमवारी संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी सलिल पेंडसे पाणीपट्टीच्या कामाने वर आले, आणि वही बघून खुर्चीतच बसले. ते निवृत्त मुख्याध्यापक. टापटीप दिसली की त्यांना भरून येई.

"ओव्हाळ, हे फार मोलाचं काम आहे. हे सभासदांपुढे यायला हवं."

"अजून चार दिवस बाकी आहेत."

"अंतरिम अहवाल म्हणून लावू."

मंगळवारी सकाळी खालच्या सूचनाफलकावर अंतरिम अहवाल लागला. गगनफायबर ४१.३, वायुवेग ४१.१, झपनेट ४०.८. जुनी लाईन : मोजणीपूर्वीच बंद. त्याखाली दर, कर, अनामत, फुकटची ॲप, आणि सर्वांत खाली सही.

इथून गोष्ट ओव्हाळांच्या हातात राहिली नाही. मैत्री सोसायटीत आजवर कुठल्याही विषयावर एकमत झालं नव्हतं, आता दोन पक्ष झाले. पहिला मजला गगनचा, दुसरा वायुवेगचा. तळमजल्यावरच्या जगननं विचारलं, "काका, पॉइंट दोनचा फरक आपल्याला दिसणार का?"

"दिसणार नाही. पण आहे."

"मग पन्नास रुपये जास्त कशाला द्यायचे?"

"तो निर्णय तुमचा. मी फक्त माप सांगतो."

लोकांनी निर्णय घेतले. दुपारपासून टायवाले जिन्यात एकमेकांना ओलांडू लागले. गगनच्या माणसानं दर पन्नासनं उतरवला, हे कळल्यावर वायुवेगनं एक महिना फुकट दिला, आणि झपनेटनं तिसरा नंबर आल्याचं मनावर घेऊन प्रत्येक घराला एक पाण्याची बाटली दिली. सकाळी अर्ज, दुपारी जोडणी. हे पाहून पेंडशांनी जिन्यात उभं राहून निकोप स्पर्धेचे फायदे समजावून सांगितले. "एका माणसाच्या हाती सगळं होतं, म्हणून इतकी वर्षं चक्र फिरत होतं," ते म्हणाले. शुक्रवारी सकाळी शेवटचं घरही फुटलं. ते जगनचं. मोरू त्याला अधूनमधून जवळा आणून द्यायचा, त्यामुळे त्यानं सगळ्यांत जास्त तग धरला होता.

मधे बुधवारी मोरू स्वतः आला. दारातच उभा राहिला. चप्पलही काढली नाही.

"काका, नवीन लाईन बरी चालते ना?"

"उत्तम."

"मग बरं. एकच सांगायचं होतं. ती गच्चीवरची काळी वायर हाय ना…"

ओव्हाळांनी हात वर केला. "मोरू, रागावू नकोस. तपासणी चालू असताना सप्लायरशी बोलायचं नाही, असा नियम आहे. एकतीस वर्षं मी कुणाच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. निकाल लागू दे, मग बोल."

"पण वायरीचं…"

"शनिवारी बारानंतर."

मोरूनं एकदा फळीवरच्या तीन डब्यांकडे पाहिलं, एकदा ओव्हाळांकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असलंच तर थोडं कुतूहल होतं. "बरं काका," म्हणून तो जिना उतरला.

शनिवार उजाडला. नऊचं रीडिंग झालं, गगन ४१.४. स्वप्नानं केस घट्ट बांधले, टेबल भिंतीला लावलं, कानाला हेडफोन लावून बघितले आणि परत काढले. रचनाबाईंनी खीर केली होती, पण ती बारानंतर मिळणार होती.

"पप्पा, तुम्ही जरा बाहेर जाऊन या ना. तुम्ही बघत राहिलात की माझी बोटं अडकतात."

ओव्हाळ गच्चीवर गेले. तिथे त्यांना ती काळी वायर दिसली. शेजारच्या इमारतीवरून ती झोका घेत येई आणि पाण्याच्या टाकीमागे नाहीशी होई. टाकीच्या दुसऱ्या बाजूने नव्या पांढऱ्या वायरी बाहेर पडून जिन्याकडे जात. मध्ये, टाकीमागे, एक सडपातळ माणूस आडवा शिरेल एवढीच फट होती, आणि ओव्हाळांना गेल्याच वर्षी डॉक्टरांनी वजनाबद्दल सांगितलं होतं. एवढी एकच जागा त्यांनी तपासली नाही.

वाऱ्यानं काळी वायर हलत होती. अशी हलत हलत पांढरीला घासली तर? कारखान्यात नापास माल चांगल्या मालाशेजारी कधीच ठेवत नसत. आधी त्याला तांबडी चिठ्ठी, मग तो वेगळा, आणि मग त्याचे तुकडे, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी तो परत ओळीत घालू नये. त्यांनी पेंडशांना फोन लावला.

"त्या काळ्या वायरीवर आता कोणाचं घर आहे का?"

"कोणाचंच नाही. कालच जगनही गेला."

"लेखी द्याल?"

"अहो, फोनवर सांगतोय ना."

ओव्हाळांनी घरून कटर, टेप आणि जुन्या गठ्ठ्यातली एक तांबडी चिठ्ठी आणली. चिठ्ठी भरून वायरीला बांधली. मग टाकीच्या अलीकडे कापलं, कठड्याजवळ कापलं, मधला तुकडा जमिनीवर पसरला आणि मोजून एकेक मीटरचे सहा भाग केले. ते एका आकाराचे झालेले बघून त्यांना फार दिवसांनी बरं वाटलं.

दहा वाजता ते रीडिंग घ्यायला खाली आले. गगन : शून्य. त्यांनी फोन पुसला. वायुवेग : शून्य. झपनेट : शून्य.

"पप्पा, माझं काही उघडत नाहीये," स्वप्ना म्हणाली.

"थांब."

त्यांनी तिन्ही डबे बंद करून पुन्हा चालू केले. शून्य, शून्य, शून्य. तोवर जिन्यात दारं उघडू लागली होती. पहिल्या मजल्यानं दुसऱ्याला विचारलं, "तुमचं आहे का?" दुसऱ्यानं सांगितलं, "नाही. तुमचं?" मंगळवारनंतर दोन्ही पक्ष पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होते. पेंडशांनी तिन्ही कंपन्यांना फोन लावले. दोघींनी गाणं ऐकवलं. तिसरीनं तक्रार क्रमांक दिला आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत माणूस येईल असं सांगितलं.

ओव्हाळ वहीकडे बघत उभे होते. तीन रकाने, तीन शून्यं, एकच वेळ. कारखान्यात नवीन पोरांना ते स्वतः शिकवायचे : तीन वेगवेगळी मापं एकाच क्षणी तीच चूक दाखवू लागली, तर खोट मापांत नसते. ते ज्यावर टेकलेत, त्या टेबलात असते. त्यांनी टेबल आठवून पाहिलं. टाकीमागे जाणारी एक वायर. टाकीमागून येणाऱ्या तीन. आणि गच्चीवरून लावलेले ते दादांना फोन.

जिन्यात जगनचा आवाज चढला होता. "मोऱ्याचंच काम हे. सगळी गिऱ्हाइकं गेली म्हणून जाता जाता कापून गेला. थांबा, आणतोच त्याला धरून."

"पुराव्याशिवाय असं बोलू नये," पेंडसे म्हणाले.

"दुसरं कोण कापणार? मीच म्हणत होतो, एवढ्यात सोडू नका त्याला. चला रे कोण येतंय."

दोघेतिघे चपला घालू लागले. स्वप्ना दारात येऊन उभी होती. ती बापाकडे पाहत होती. घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

"जगन, थांब," ओव्हाळ म्हणाले. "वायर मी कापली."

जगन दोन पायऱ्या परत वर आला.

"तुम्ही?" पेंडशांनी विचारलं.

"मी. नऊ चाळीसला. गच्चीवर चिठ्ठी आहे, माझी सही आहे त्यावर. मोरूचा काही संबंध नाही." मग स्वप्नाकडे वळून म्हणाले, "तू टेबलावरून उठू नकोस. मी त्याला घेऊन येतो."

मोरूचा फोन त्याच्या बायकोनं, शेवंतीनं उचलला. "ते बंदरावर हायत. होडीला रंग देतायत. फोन घरीच ठेवून जातात, रंग लागतो म्हणून."

रिक्षानं चेंदणी बंदर सात मिनिटांवर होतं. मोरू उपड्या होडीशेजारी उकिडवा बसून निळा रंग लावत होता. ओव्हाळांना बघून तो उठला नाही.

"काका, बारा वाजले का?"

"दहा पंचवीस झालेत. मोरू, वायर कापली गेली."

"कुठली?"

"तुझी. काळी."

"कुणी कापली?"

"मी."

मोरूनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "टाकीच्या अलीकडे का पलीकडे?"

"अलीकडे."

"मंग तुमचे तिन्ही डबे गेले असतील."

"गेले."

"मी बुधवारी तेच सांगाया आलेलो."

"हो. मी ऐकलं नाही. ती चूक झाली, वहीत तशी नोंद करतो. पण अकराला स्वप्नाची परीक्षा आहे. आज लाईन नसेल तर ती हैदराबादला जाईल." एवढं बोलून ते थांबले. मग म्हणाले, "ती गेली तर घरात मोजायला काही उरणार नाही."

मोरूनं रंगाचे हात चिंधीला पुसायला घेतले. "आधी सांगायचं ना, पोरीचं काम हाय म्हणून. तुमी रीडिंग रीडिंग करत बसलात."

रिक्षा त्याच्या दुकानावरून वळवून घेतली. काचेची वायर जोडायचं यंत्र आणि नव्या वायरीचं भेंडोळं मांडीवर घेऊन बसल्यावर मोरूनं सगळं सांगितलं. मोठ्या कंपन्यांना कोपरीच्या गल्लीत खांब नाहीत, वायर नाही, गच्च्यांच्या चाव्या नाहीत. ते सगळं मोरूचं. कंपन्या त्याची वायर भाड्याने घेतात आणि घरात आपापल्या रंगाचा डबा ठेवतात. फोनवरचा दादा म्हणजे मोरू.

"म्हणजे आठवडाभर मी…" ओव्हाळ म्हणाले.

"एकाच गायीचं दूध तीन दुकानांतून आणून कुठलं दाट ते बघत होता."

"मग तुझ्या लाईनवर चक्र का फिरायचं?"

"तुमचा जुना डबा सहा वर्षांचा, आनि तुमी तो ठेवलेला फ्रिजच्या मागं. तीनदा बोललो, पुढं घ्या, नवा घ्या. तुमी म्हणालात, फ्रिजच्या मागं सरळ बसतो."

एकतीस वर्षांत ओव्हाळांनी माप न तपासता माल नापास केला नव्हता. केला होता तो या शनिवारी.

गच्चीवर सगळी सोसायटी होती. मोरूनं कापलेली टोकं बघितली, मग कठड्याशी रचून ठेवलेला गठ्ठा बघितला.

"सहा तुकडे?"

"एकेक मीटरचे."

"मोजून?"

"मोजून."

"लोकं वायर कापतात, मी बघितलंय," मोरू म्हणाला. "एवढी नीट कापलेली नाय बघितली."

दोन टोकांमध्ये नवी वायर घालायची म्हणजे दोन जोड. पावणेअकरा वाजले होते. केसाएवढा काचेचा धागा सोलून, पुसून, यंत्राच्या खाचेत बसवायचा. उन्हात तो दिसेना आणि वाऱ्यात ठरेना. पेंडशांनी छत्री धरली. जगननं वाऱ्याच्या बाजूला चादर धरली, आणि शरमेनं ती जरुरीपेक्षा उंच धरली. रंग लावून मोरूची बोटं चिकट झाली होती, त्यानं दोनदा धागा बसवला आणि दोनदा यंत्रानं नाकारला.

"दे," ओव्हाळ म्हणाले.

त्यांनी स्पिरिटचा बोळा घेतला, धागा एकदाच पुसला, आणि मोरू सांगेल तसा खाचेत ठेवला. हात हलला नाही. एकतीस वर्षं तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी न हलायला शिकला होता. यंत्र एकदा वाजलं. दुसऱ्या जोडाला पुन्हा वाजलं. अकराला तीन मिनिटं होती.

"लागली," मोरू म्हणाला. "पण आता सोळाच्या सोळा घरं एकदम नेट ओढायला बसतील."

पेंडसे कठड्यावरून खाली वाकले आणि मुख्याध्यापकाच्या आवाजात म्हणाले, "बारा वाजेपर्यंत कोणीही आपला डबा चालू ठेवू नये."

स्वप्नानं खालून ओरडून विचारलं, "पप्पा, तिन्हीपैकी कुठल्या लाईनवर बसू?"

"कुठल्याही बस," मोरूनं वरून सांगितलं. "मीच हाय."

अकरा ते बारा मैत्री सोसायटीत स्वप्ना सोडून कुणाच्याच घरी नेट नव्हतं. लोक जिन्यातल्या पायऱ्यांवर बसले. पहिल्या मजल्यानं चहा केला आणि दुसऱ्यानं प्याला. पेंडशांनी हळू आवाजात विचारलं, "मोरू, तुझी लाईन चारशे नव्व्याण्णवला होती. तीच वायर आम्ही पाचशे एकोणपन्नासला घेतली. वरचे पन्नास रुपये कशाचे?"

"डब्याच्या रंगाचे."

"तुझं मात्र नुकसान झालं."

"नाय ओ, सर. कंपनी दर घरामागं मला भाडं देते, ते बँकेत येतं. आधी मी पैसे घ्यायला सोळा घरांचे जिने चढायचो. आता बसल्या जागी मिळतात." त्यानं सूचनाफलकाच्या दिशेनं मान हलवली. "काकांच्या कागदानं गुडघे वाचले माझे. अजून एखादी कंपनी तपासायची आसंल तर बोला."

जगन खाली बघत म्हणाला, "दादा, मी जरा जास्त बोललो."

"तू काय बोललास ते मला माहीत नाय. पन जवळा या महिन्यात नाय मिळणार."

ओव्हाळ चौथ्या मजल्याच्या वरच्या पायरीवर, बंद दाराला पाठ लावून बसले होते. आतून कळफलकाचा आवाज येत होता. पावसाच्या सरीसारखा सलग, न थांबणारा. वही त्यांच्या मांडीवर होती आणि पेन्सिल खिशात. त्या दिवशीचा अकराचा रकाना त्यांनी भरला नाही.

बारा वाजून दोन मिनिटांनी दार उघडलं. स्वप्नाचे डोळे लाल झाले होते आणि केस सुटले होते.

"एकदाही अडकलं नाही," ती म्हणाली. "कंपनीच्या बाई म्हणाल्या, सोमवारी कागद पाठवतो. काम घरूनच."

रचनाबाई खिरीचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. पहिली वाटी त्यांनी मोरूला दिली. ओव्हाळांनी मोरूच्या शेजारी बसून आपली वाटी घेतली. बारा वाजून गेले होते, निकालही लागला होता. आता सप्लायरबरोबर खायला हरकत नव्हती.

सोमवारी सूचनाफलकावर अंतिम अहवाल लागला. तो एका ओळीचा होता : 'तिन्ही कंपन्यांची वायर एकच असून ती मोरू तांडेल यांची आहे. आधीचे निष्कर्ष रद्द. चूक तपासणाऱ्याची.' खाली सही. ओव्हाळांनी तिन्ही डबे परत केले. नवा एकच घेतला, तो मोरूच्या चारशे नव्व्याण्णवचा. तो फ्रिजच्या मागे नव्हता, टीव्हीच्या फळीवर अगदी पुढे होता. घरात नवा नियमही झाला. स्वप्नाचं काम चालू असताना बोंबलाची चटणी लावायची नाही. तशीही रचनाबाईंना ती आता पाठ होती.

महिन्याभरानं ओव्हाळ गच्चीवर गेले. डॉक्टरांचं ऐकून त्यांनी थोडं वजन उतरवलं होतं, आता टाकीमागची फट बघता येते का, ते त्यांना पाहायचं होतं. काळी वायर नव्या खिळ्यांनी कठड्याला नीट बसवलेली होती, आणि तिला एक तांबडी चिठ्ठी बांधली होती. ती त्यांच्याच गठ्ठ्यातली होती, रचनाबाईंनी दिली असणार. अक्षर मोरूचं होतं.

'शेरा : पास. हात लावू नये. ओव्हाळकाकांनी तर अजिबात नाय.'

ओव्हाळांनी चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली. शेऱ्यात चूक काही नव्हती. पण तारीख टाकलेली नव्हती, वेळ नव्हती, आणि तपासणाऱ्याची जागा कोरी होती. असा माल पुढे जाऊ देणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी पेन काढलं, तारीख घातली, घड्याळात बघून वेळ घातली, आणि खाली सही केली.